बाईंच्या वह्या आणि गावाचा लिलाव

पत्र : माझी मावशी दापोली तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. गावासाठी ती ‘बाई’च होती. तिने लग्न केले नाही. आयुष्यभर मुलांसाठी गोष्टी आणि कविता लिहिल्या, आणि आधी पगारातला, नंतर निवृत्तिवेतनातला मोठा भाग गावातल्या मुलांवर खर्च केला. कुणाची परीक्षा फी, कुणाचा चष्मा, कुणाचा एसटीचा पास. गेल्या श्रावणात ती गेली. मृत्युपत्राने तिची पुस्तके, वह्या, कागदपत्रे आणि घरातले सामान माझ्याकडे आले आहे. गावच्या वाचनालयाला तिच्या पहिल्या स्मृतिदिनी या वस्तूंचा लिलाव करून मुलांसाठी स्वतंत्र विभाग उभा करायचा आहे. माझ्या भावाच्या मते मावशीचे सामान असे चव्हाट्यावर मांडणे शोभत नाही. कार्यकारिणीतील ज्येष्ठांना त्याच कार्यक्रमात, मावशीने ज्यांना मदत केली त्यांची नावे वाचून दाखवायची आहेत, कारण तशी नोंद असलेली एक वही मला सापडली आहे. शिवाय मुंबईच्या एका संग्राहकांनी सर्व हस्तलिखित वह्यांसाठी आताच एकरकमी किंमत देऊ केली आहे. मी काय करावे?
– एक भाची, दापोली तालुका

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एसटीच्या पासापाशी थांबले. मुलांसाठी लिहिणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण आपल्या गोष्टी वाचणारे मूल उद्या शाळेत पोहोचणार कसे, याचीही काळजी वाहणारी फार थोडी. त्यामुळे या लिलावाकडे मी केवळ निधी उभारण्याचा कार्यक्रम म्हणून पाहू शकत नाही, आणि तुम्हीही पाहत नाही हे तुमच्या पत्रातून दिसते. माझे मत प्रथमच सांगते : लिलाव जरूर करा, परंतु हस्तलिखित वह्या त्यात ठेवू नका आणि मदत घेतलेल्यांचे एकही नाव तेथे उच्चारू देऊ नका.

तुमच्या भावाच्या मनातला संकोच खरा आहे. त्याला बाजूला सारून पुढे जाऊ नका. त्याच्याशी बोलताना एवढे मात्र सांगा की, लिलाव ही कोकणात परकी किंवा हलकी गोष्ट नाही. ग्रामदेवतेच्या उत्सवात देवापुढे आलेला नारळ, केळीचा घड किंवा फणस बोली लावून घेतला जातो, बाजारभावाच्या कितीतरी पट किंमत हसतमुखाने मोजली जाते, आणि तो नारळ महाग पडला असे कोणी म्हणत नाही, कारण देणाऱ्याने पैसे देवाच्या कामाला दिलेले असतात आणि नारळ प्रसाद म्हणून घरी नेलेला असतो. तुमच्या मावशीच्या छत्रीला किंवा दौतीला अशीच किंमत येणार आहे. ज्या चव्हाट्याचे नाव आपण निंदेने घेतो, तो कोकणातल्या अनेक गावांत देवाचे ठिकाण आहे आणि गावाचे गाऱ्हाणे तेथेच घातले जाते, हेही त्याला आठवत असेल.

तरीही देवळातला लिलाव आणि हर्णैच्या बंदरावरचा माशांचा लिलाव यांत फरक आहे, आणि कार्यकारिणीने तो ध्यानात घ्यायला हवा. बंदरावर बोली लावणाऱ्याला मासळीची पारख असते, दराचा अंदाज असतो, आणि नाशवंत माल म्हणून घाई असते. तुमच्याकडच्या वस्तूंना दर नाही आणि घाईचेही कारण नाही. तेथे किंमत ठरते ती वस्तूमागची हकिकत ठाऊक असल्यामुळे. म्हणून प्रत्येक वस्तूसोबत दोन-चार ओळींची चिठ्ठी तुम्ही स्वतः लिहा : ही पेटी मावशीने कोठून आणली, या खुर्चीत बसून ती शाळेच्या वह्या तपासायची की गोष्टी लिहायची, या कंदिलावर काजळी का आहे. ज्या वस्तूविषयी लिहिण्यासारखे काहीच आठवत नाही, ती लिलावात मांडू नका. तशीच कुणाला तरी वापरायला द्या.

विकण्याजोगे काय, याचा निर्णय मला सोपा वाटतो. लेखनाचे मेज, शाईची पेने, दौत, घड्याळ, हार्मोनियम असल्यास ती, तिच्या स्वाक्षरीच्या छापील प्रती आणि तिच्या संग्रहातली इतर लेखकांची पुस्तके गावाच्या हाती जाऊ द्यावीत. तिच्या स्वतःच्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती मात्र आधी वाचनालयासाठी वेगळ्या काढा, कारण मुलांची पुस्तके एकदा छापून संपली की पुन्हा मिळणे कठीण असते. घरात मोडी लिपीतले जुने कागद किंवा पोथ्या असतील, तर त्यांना या लिलावात हात लावू नका; 75 वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांना 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाची बंधने लागू होऊ शकतात.

आता वह्यांविषयी. याबाबतीत माझा आग्रह एका जुन्या दुःखातून आलेला आहे. अनेक वर्षांपूर्वी मी ज्या संस्थेच्या वाचनालयात काम करत होते, तेथे एका दिवंगत शिक्षकांच्या कवितांच्या वह्या देणगी म्हणून आल्या होत्या. जागा अपुरी पडली तेव्हा जुनी मासिके विकण्यात आली आणि त्या गठ्ठ्यांसोबत वह्याही गेल्या. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पुढे त्यांची नात त्या वह्या पाहण्यासाठी दूरवरून आली, तेव्हा तिच्यासमोर ठेवायला आमच्याजवळ नोंदवहीतली एक ओळ तेवढी होती. त्या मुलीचा चेहरा मी विसरलेले नाही.

हस्तलिखित वह्यांचा अर्थ त्यांच्या सलगतेत असतो. एका वहीत गोष्टीचा पहिला खर्डा असतो, दुसऱ्या वहीत खोडलेला शेवट असतो, तिसऱ्या वहीच्या समासात वर्गातल्या एखाद्या मुलाने विचारलेला प्रश्न टिपलेला असतो, आणि हे सारे एकत्र ठेवले तरच एक शिक्षिका लेखिका कशी होत गेली ते दिसते. लिलावात त्या पाच घरांत विखुरतील. संग्राहकांना दिल्या तर त्या एकत्र राहतील हे मान्य. परंतु कोणाच्या कपाटात, किती काळ, आणि त्यांच्यानंतर कोणाकडे, यावर तुमचा अधिकार उरणार नाही. त्यांना सौजन्याने नकार कळवा. त्यांची आस्था खरी असेल तर वह्यांच्या जतनाचा खर्च उचलण्याची विनंती त्यांनाच करा. असे करण्यात कमीपणा काहीच नाही.

येथे कायद्याची एक बाजू तुमच्या उपयोगी पडेल. वही हा कागद झाला, तिच्यातल्या मजकुराचा कॉपीराइट ही वेगळी मालमत्ता आहे. कागद विकल्याने हक्क विकला जात नाही. त्यासाठी लेखी आणि स्वाक्षरीचा करार लागतो. 1957 च्या कॉपीराइट अधिनियमातील कलम 20 असे सांगते की, मृत्युपत्राने एखाद्याला अप्रकाशित साहित्याचे हस्तलिखित मिळाले आणि मृत्युपत्रात किंवा त्याच्या पुरवणीत वेगळा हेतू दिसत नसेल, तर मृत व्यक्तीकडे असलेला त्या साहित्याचा कॉपीराइटही त्यासोबत मिळाला असे मानावे. म्हणजे वह्यांतल्या न छापलेल्या गोष्टींचे हक्क बहुधा तुमच्याकडे आले आहेत, आणि त्या गोष्टी प्रथम प्रकाशित झाल्या की पुढच्या वर्षारंभापासून 60 वर्षे ते टिकतील. छापलेल्या पुस्तकांसाठी प्रकाशकांबरोबरचे करार आणि मृत्युपत्रातली इतर कलमे पाहावी लागतील. दापोलीतल्याच एखाद्या वकिलांकडून तेवढे एकदा वाचून घ्या.

हे मी इतक्या विस्ताराने लिहिते, कारण मावशीच्या स्वभावाला सर्वांत अनुरूप दान कदाचित या हक्कांतच आहे. जे. एम. बॅरी या लेखकाने ‘पीटर पॅन’चे हक्क 1929 मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले. 1937 मध्ये तो वारला, 50 वर्षांनी त्या हक्कांची मुदत संपली, तेव्हा ब्रिटनच्या संसदेने 1988 च्या कायद्यात खास तरतूद करून त्या देशातले मानधन रुग्णालयाला पुढेही मिळत राहील अशी व्यवस्था केली. बॅरीची वही लिलावात एकदाच विकली गेली असती. हक्कामुळे मात्र त्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहिले. या दानातून किती रक्कम मिळाली हे जाहीर करू नये, अशी त्याची इच्छा होती आणि रुग्णालयाने ती पाळली. तुमच्या मावशीच्या पुस्तकांचे मानधन त्या तुलनेत अगदी लहान असेल. पण न छापलेल्या गोष्टींमधून एक पुस्तक निघाले आणि त्याचे मानधन गावातल्या मुलांच्या नावे राहिले, तर दरवर्षी दोन मुलांचे पास त्यातून निघू शकतील.

मूळ चित्रांच्या बाबतीत सावध राहा. तिच्या पुस्तकांसाठी इतरांनी काढलेली चित्रे घरात सापडली असतील, तर ती तिच्याकडे भेट म्हणून आली होती की केवळ छपाईनंतर राहून गेली, हे चित्रकारांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय विकू नका. मुलांनी तिला लिहिलेली पत्रे तर मुळीच मांडू नका, मग त्यांतले अक्षर कितीही गोड असो. पत्राचा कागद तुमचा, पण मजकूर लिहिणाऱ्याचा. आणि नवव्या वर्षी ‘बाई, आमच्या घरी भांडण होते’ असे विश्वासाने लिहिलेले वाक्य चाळिसाव्या वर्षी मांडवात टांगलेले पाहणे कोणालाही सोसणार नाही.

तुमच्या भावाला आणि गावाला वह्यांपासून पूर्णपणे दूर ठेवावे असे मात्र मी म्हणत नाही. सर्व पाने नीट स्कॅन करून घ्या, एक संच तुमच्याकडे, एक वाचनालयाकडे आणि एक रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयासारख्या जुन्या, स्थिर संस्थेकडे देता येईल का ते विचारा. ते वाचनालय 1828 पासून चालत आलेले आहे आणि अशा ठेव्याचे मोल तेथे सांगावे लागू नये. निवडक पानांच्या छापील प्रतिकृती करून त्या लिलावाच्या दिवशी ठरावीक, अगदी लहान किमतीला ठेवा, म्हणजे चौथीतले मूलही स्वतःच्या पैशांनी बाईंच्या अक्षरातले एक पान घरी नेऊ शकेल. एखाद्या छापून आलेल्या कवितेच्या तिने स्वतः लिहिलेल्या दोन-तीन स्वच्छ प्रती असतील, तर त्यांतली एक बोलीसाठी ठेवायलाही हरकत नाही. तेवढे एकच पान दिवसाचे शेवटचे आणि सर्वांत मोठे आकर्षण ठरेल.

हे काम पावसापूर्वी उरकायला हवे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि बंद घरातल्या कागदाला एका पावसाळ्यात बुरशी, कसर आणि वाळवी या तिन्ही गोष्टी गाठतात. वह्या कडक उन्हात घालू नका. सावलीत, वाऱ्यावर पाने सुटी होतील इतपत वाळवा. फाटक्या कडांना चिकटपट्टी लावू नका आणि पाने लॅमिनेट करून तर मुळीच घेऊ नका, कारण त्यानंतर ती कोणालाच दुरुस्त करता येत नाहीत. धुतलेल्या सुती कापडात बांधून, भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर, उंचावरच्या कपाटात ठेवा.

याच कारणाने स्मृतिदिनाचा मुहूर्त मला योग्य वाटत नाही. श्रावणात आपल्याकडे झड लागलेली असते, मांडव टिकत नाही, चाकरमानी गणपतीसाठी रजा राखून ठेवतात, आणि 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीतून कोळीवाडा नुकताच बाहेर पडलेला असतो, हातात पैसा आलेला नसतो. बाईंनी ज्यांच्या मुलांना शिकवले त्यांच्यापैकी निम्मे गाव ज्या दिवशी बोली लावूच शकत नाही, तो दिवस त्यांच्या लिलावाचा कसा असेल? मे महिन्याचा मध्य निवडा. मुले सुट्टीत गावी असतात, मुंबईकर मंडळाची माणसे आंब्यासाठी आलेली असतात. स्मृतिदिनी शाळेत तिची एक गोष्ट मोठ्याने वाचा. त्या दिवसाला तेवढे पुरे.

बोली चालवताना प्रामाणिकपणा अगदी काटेकोर असावा. 1930 च्या माल विक्री अधिनियमातील कलम 64 प्रमाणे, हातोडा पडेपर्यंत किंवा आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिसरा पुकारा होईपर्यंत बोली लावणारा ती मागे घेऊ शकतो; विकणाऱ्याला किमान किंमत राखून ठेवता येते; पण स्वतः बोली लावायची असेल तर तो अधिकार आधीच जाहीर केलेला असावा लागतो. भाव चढवण्यासाठी कार्यकारिणीतल्या कोणी खोटी बोली लावली, तर खरेदीदार तो व्यवहार रद्द करू शकतो. चांगल्या कामासाठी असे करायला हरकत नाही, असे म्हणणारा कोणीतरी सभेत निघेलच. त्याला शांतपणे, पण ठामपणे थांबवा. बाईंच्या नावाने उभ्या राहणाऱ्या पैशात लबाडीचा एक रुपयाही मिसळता कामा नये.

सुरुवातीची किंमत कमी ठेवा. एखाद्या वाडीने, बचत गटाने किंवा एखाद्या वर्षाच्या दहावीच्या वर्गाने मिळून बोली लावावी असे आधीच सुचवा, कारण ज्यांना तिच्याविषयी सर्वाधिक वाटते त्यांच्याजवळ एकेकट्याने सर्वाधिक पैसे असतीलच असे नाही. बाहेरगावच्यांसाठी बंद लिफाफ्यातली बोली स्वीकारा आणि ते लिफाफे सर्वांसमक्ष फोडा. पुकारा करायला गावातलाच, देवळाच्या उत्सवात बोली पुकारणारा माणूस बोलवा. त्याला लोकांचे मन आणि लोकांची ऐपत दोन्ही ठाऊक असतात.

पैसे नोंदणीकृत न्यासाच्या, म्हणजे वाचनालयाच्या स्वतंत्र बँक खात्यात जमा व्हावेत. कोणाच्याही वैयक्तिक खात्यात नकोत, तुमच्याही नकोत. वाचनालयाची नोंदणी चालू आहे का आणि अशा निधीसाठी काही परवानगी घ्यावी लागेल का, हे धर्मादाय कार्यालयात आधी विचारून घ्या. वस्तूच्या मोबदल्यात दिलेली किंमत आणि निव्वळ देणगी यांच्या पावत्या वेगळ्या करा. प्राप्तिकरातली सवलत देणगीसाठी असते, खरेदीसाठी नाही, आणि 2000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही. महिन्याभरात जमाखर्च वाचनालयाच्या फलकावर लावा. शाल-श्रीफळ, हारतुरे आणि छापील स्मरणिका यांवर यातला पैसा जाऊ नये, असा ठराव आधीच करून घ्या. बालविभागाचे कपाट आणि पुस्तके यांना लागेल तेवढे वापरा, उरलेली रक्कम मुदत ठेवीत घाला आणि व्याजातून फी-पास द्या. एका टोलेजंग इमारतीपेक्षा मला हे बरे वाटते. आपल्याकडे वाचनालयाला खोली मिळते, पण दुसऱ्या वर्षी नवी पुस्तके घ्यायला पैसे नसतात.

गौरवाच्या भाषणांत तिच्या औदार्याविषयी बोलू नये असे नाही. याच कोकणातल्या धालवलीत जन्मलेल्या विंदा करंदीकरांनी मुलांसाठी भरभरून लिहिले आणि मिळालेल्या पुरस्कारांच्या रकमा सामाजिक कामांना देऊन टाकल्या, हे आपण अभिमानाने सांगतोच. परंतु तेथे आपण देणाऱ्याचे नाव घेतो. तुमच्या ज्येष्ठांना घेणाऱ्यांची नावे घ्यायची आहेत, आणि ती घ्यायचा अधिकार त्यांनाही नाही, तुम्हालाही नाही. त्यांचा हेतू कृतज्ञतेचा आहे, यात मला शंका नाही. पण ज्या मुलाची फी बाईंनी कोणाला कळू न देता भरली, तो आज कोठे नोकरीत असेल, त्याची सासुरवाडी याच गावात असेल, त्याच्या वडिलांनी ती गोष्ट घरातसुद्धा सांगितली नसेल. मुलाला फी मिळाली, तशीच त्या घराची लाजही राखली गेली. बाईंनी दोन गोष्टी दिल्या होत्या. त्यांच्या गौरवासाठी आपण त्यांतली दुसरी परत घेऊ नये.

कार्यकारिणीला हे पटवताना वही दाखवू नका, तिचा आकडाही सांगू नका. ज्यांना स्वतःहून बोलायचे असेल त्यांच्यासाठी कार्यक्रमात पंधरा मिनिटे मोकळी ठेवा, आणि कोणीच उठले नाही तर तेवढा वेळ तिची एखादी कविता मुलांकडून म्हणवून घ्या. पुढच्या निधीसाठीही हाच नियम ठेवा : अर्ज मुख्याध्यापकांकडे, निर्णय दोघा-तिघांत, पैसे थेट शाळेत किंवा एसटीच्या खिडकीवर, आणि वार्षिक सभेत केवळ एकूण रक्कम.

ती हिशेबाची वही इतर वह्यांबरोबर स्कॅन करू नका आणि वाचनालयातही देऊ नका; तुमच्या घरी, तुमच्याच कपाटात राहू द्या. तिच्यातल्यांपैकी कोणी एखाद्या संध्याकाळी तुमच्या दारात येऊन, बाईंनी माझे नाव लिहिले होते का, असे विचारले, तर त्याला ओटीवर बसवा, त्याच्या नोंदीचे पान उघडा, आणि त्या पानावरची बाकीची नावे हाताने झाकून धरा.